माहेरचा गोल

पेगनं आपल्या गळ्यातला, गावाच्या संघाच्या रंगांचा लाल-पांढरा मफलर काढला, सुनेच्या गळ्यात घातला आणि वर दोन वेढे दिले.

"थंडी आहे," ती म्हणाली.

थंडी मुळीच नव्हती. ऑक्टोबरात आयर्लंडमधल्या टिपररीत असं ऊन पडावं, याचंच लोकांना नवल वाटत होतं. डर्वलानं मफलर सैल करायलाही हात वर नेला नाही. मैदानाभोवतीच्या पायऱ्यांवर मागच्या-पुढच्या रांगा आपल्याकडे बघताहेत, हे तिला मान न वळवता कळत होतं.

लग्न होऊन ती नॉकलिनला आली त्याला पाव शतक होऊन गेलं. इथल्या शाळेत तिनं शिकवलं, चर्चमध्ये फुलं लावली, कुणाकडे मयत झाली की चहाची भलीमोठी किटली घेऊन हजर झाली. तरी दुकानात कुणी तिची चौकशी केली, की उत्तर एकच यायचं, "ती होय? ती बॅलिगोरची." बॅलिगोर नदीपलीकडे, चालत अर्ध्या तासावर. हर्लिंगमध्ये, म्हणजे काठी-चेंडूच्या या आयरिश खेळात, माणूस आपल्या गावाकडून खेळतो आणि मरेपर्यंत त्याच गावचा राहतो. लग्न होऊन आलेल्या बायकांचं काय करायचं, ते मात्र कुणी कधी ठरवलेलं नाही. या दोन गावांची गाठ पडायची त्या रविवारी डर्वला घरी केक करत बसायची आणि निकाल कळला, की "दोघंही छान खेळले असतील" म्हणून मोकळी व्हायची. आज ती सोय नव्हती. जिल्ह्याची फायनल होती. नॉकलिनच्या गोलात तिचा मुलगा ओरान उभा होता आणि बॅलिगोरच्या आघाडीला तिच्या भावाचा मुलगा रोनन.

मागच्या रांगेतून फेलिम खाटीक पुढे वाकला.

"काय डर्वलाबाई, आज तोंड बंद कसं ठेवणार? पेपरमिंटच्या गोळ्या देऊ का?"

"तुझं बंद होईल एवढ्या असतील, तर तूच खा," पेग मागे न बघता म्हणाली.

रांग हसली. डर्वलाही हसली, पण तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेले होते.

सामना अटीतटीचा झाला. काठ्यांवर काठ्या आपटत होत्या, दोघांच्या काठ्या मोडल्या, दोघांना नव्या मिळाल्या. वरच्या दांडीवरून चेंडू गेला की एक गुण आणि खालून जाळ्यात गेला की तीन. नॉकलिननं एकेक करत पुंजी जमवली आणि शेवटच्या मिनिटाला ते दोन गुणांनी पुढे होते. डर्वला दोन्हीकडच्या गुणांना सारख्याच टाळ्या वाजवत होती, कुणाला खोट काढता येऊ नये इतक्या सारख्या. तिचा नवरा डोनल ओरानच्या गोलामागच्या कुंपणाला धरून उभा होता. मुलगा गोलात असला, की तो कधी बसत नसे.

तेवढ्यात मैदानाच्या मध्यातून बॅलिगोरच्या कुणीतरी चेंडू उंच उडवला. तो ओरानच्या पुढ्यात उतरायला लागला. खाली पाच-सहा जणांची झोंबाझोंबी, सगळ्यांचे हात वर. रोननचाही हात वर गेला.

"पकडू नको! हवेतच हाण!"

आवाज आपला आहे, हे डर्वलाला आधी कळलंच नाही. ती उभी होती. तिचा आवाज म्हणजे वर्गाच्या दुसऱ्या टोकाच्या पोराला जागं करणारा. रोननला तो ऐकू गेला, की त्याचं त्यालाच सुचलं, ते देव जाणे. त्यानं वर गेलेला हात खाली आणला, दोन्ही मुठी काठीवर आवळल्या आणि चेंडू जमिनीला लागायच्या आत ती सपकन फिरवली. चेंडू ओरानच्या डाव्या पायाजवळून जाळ्यात गेला. पांढऱ्या कोटातल्या पंचानं गोल झाल्याचा हिरवा झेंडा हलवला. पुढचा फटका मारून होतोय न होतोय तोच शिट्टी वाजली. बॅलिगोर एका गुणानं जिंकलं होतं.

डर्वला खाली बसली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडली ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण चेंडू जाळ्यात गेला तेव्हा तिला आनंद झाला होता. अगदी क्षणभर, पण खराखुरा. त्यानंतर तिला गोलात गुडघे टेकून बसलेला आपला मुलगा दिसला.

आता फेलिमसुद्धा गप्प होता. त्यानं चेष्टा केली असती, तर बरं वाटलं असतं. कुंपणापाशी डोनल वळून नेमका त्यांच्याच रांगेकडे बघत होता. एवढ्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"आई, मी..."

पेगची नजर मैदानावर होती.

"कुणी शिकवलं तुला ते? हवेतच हाणायचं म्हणून?"

"बाबांनी. अंगणात. मी नऊ-दहा वर्षांची असेन."

"बरोबर शिकवलं. आपल्या पोरांना कुणी सांगितलंच नाही. सगळे पकडायला धावले, गाढव कुठले." ती आपल्या चालायच्या काठीवर जोर देऊन उठली. "चल, ऊठ. ओरानला हे दुसऱ्याकडून कळायला नको. तू स्वतः सांग."

डर्वला उठली. माणसं बाजूला होऊन वाट देत होती, जरा जास्तच वाट देत होती. तीन-चार पायऱ्या उतरल्यावर पेग थांबली, तिनं सुनेचा दंड धरला आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मी माहेरची लिसकारची गं. साठ वर्षांत आमचं लिसकार एकदाही फायनलला आलं नाही, म्हणून माझी अब्रू राहिली."