पाणचिन्ह

मोशीतला जमिनीचा तुकडा विकून कोंडीराम घरी आला, तो एकच नोट घेऊन. हजाराची. एवढी मोठी नोट सारजाने जन्मात पाहिली नव्हती.

"खरी हाय न्हवं?" तिने विचारलं.

"मास्तर म्हनलं, खऱ्या नोटंला सिंहाचं पाणचिन्ह असतंय. बघू निवांत," म्हणत तो बैल बांधायला गेला.

सारजाला कुठला धीर? तिने परातीत पाणी ओतलं, नोट अलगद आत सोडली आणि तान्ह्याला काखेत घेऊन सिंहाची वाट बघत बसली. सिंह काही वर येईना.

तेवढ्यात कोंडीराम आत आला. "अगं, नोट धुतीस व्हय?"

"पान्यातलं चिन्ह म्हनलासा की तुमी."

"नाव तेवढं पान्याचं. उजेडाला धरून बघत्यात ते."

सारजाने निथळती नोट चिमटीत धरून दारातल्या उन्हाकडे केली. शाई जराही पसरली नव्हती. कोऱ्या वाटणाऱ्या जागेतून, कागदाच्या पोटातून, अशोकस्तंभाचे सिंह हळूहळू उमटले. तान्हं त्यांच्याकडे झेपावलं.

"अवं, खरी हाय," ती कशीबशी म्हणाली.

"व्हय, पर आता वाळत घाल तिला," कोंडीराम हसत म्हणाला, "आन् राखण बी तूच कर."