मामांच्या पायाशी ठेवलेला स्पीकर

मित्रांनो, मंचाच्या कडेला वाजवणाऱ्यांच्या पायाशी एक तिरपा काळा डबा ठेवलेला असतो. तो प्रत्येक फोटोत नको तिथे येतो आणि निवेदक त्याला हमखास ठेचकाळतो. तो डबा म्हणजे मी. मला मॉनिटर म्हणतात. मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून ओरडतात; मी वाजवणाऱ्याकडे तोंड करून त्याला त्याचाच आवाज ऐकवतो. आपण काय करतो आहोत ते आपल्याला ऐकू यावे, म्हणून माणसाने हे यंत्र शोधून काढले. भाषण करणाऱ्यांपुढे मात्र ते कुणी ठेवत नाही.

माझी पेटी एका सुताराने प्लायवूडची बनवली. मला पोटात जाड कापूस, तोंडावर लोखंडी जाळी आणि एक साउंडवाला मालक मिळाला. मालक मला जीव लावायचा. जाळी ब्रशने साफ करायचा, वायर हाताला गुंडाळण्याआधी सरळ करायचा. पण कौतुक मोठ्या स्पीकरांचे व्हायचे. लोकांकडे एकदा तरी तोंड करून वाजावे, अशी इच्छा मीही कित्येक वर्षे बाळगून होतो.

आमच्या भागातल्या बँडमध्ये मामा क्लॅरिनेट वाजवत. बँड त्यांनीच काढला होता, पण आता तो त्यांचा भाचा चालवत असे. भाचा ड्रमवर असायचा. त्याला मांडीवर बसवून ताल शिकवला तो मामांनीच, त्यामुळे सगळे गावच त्यांना मामा म्हणू लागले होते.

मामांचे कान हळूहळू गेले. आधी दाराची घंटा ऐकू येईना, मग फोन, मग मामी. मामी म्हणायच्या की शेवटचे जरा आधीपासूनच सुरू झाले होते. तरी मामा वाजवत राहिले, कारण त्यांनी एक युक्ती काढली होती. मंचावर ते एक चप्पल काढून पाऊल माझ्या लाकडावर टेकवत. ड्रमचा ठोका माझ्या पोटातून त्यांच्या तळव्यात जायचा आणि तिथून बोटांत. लोकांना ती त्यांची ऐट वाटे. भाच्याला आणि माझ्या मालकाला खरे माहीत होते.

पण चुका होऊ लागल्या होत्या. भाच्याने मामांना एका कागदावर लिहून दाखवले की पुढचा कार्यक्रम नीट झाला तर तुम्ही बँडमध्ये आहात, नाही तर आता थांबायचे. मामांनी कागद वाचला, खिशात घातला आणि मान डोलावली.

तेवढ्यात वस्तीतल्या भल्या माणसांनी ठरवले की मामांना कानाचे मशीन घेऊन द्यायचे आणि त्यासाठी मैदानात मदतीचा कार्यक्रम करायचा. आसपासचे सगळे बँड फुकट वाजवायला तयार झाले. फुकट असल्यामुळे त्यांना थांबवायचा हक्क कुणाला उरला नाही. केस वाढवलेल्या पोरांच्या बँडने ‘आम्हाला कुणी समजून घेत नाही’ अशा आशयाची गाणी म्हटली, आणि शब्द खरोखरच कुणाला समजले नाहीत. दवाखान्यातल्या परिचारिकांचा बँड सर्वांत चांगला होता. त्यांना ड्यूटीवर जायचे असल्याने तो लवकर संपला.

शेवटी मामांची पाळी होती. त्याआधी कार्यक्रम समितीचे चिटणीस बोलायला उभे राहिले. समोर सोफ्यावर प्रमुख पाहुणे बसले होते. वारा सुटला होता. पाहुण्यांनी कानामागे हात धरला. आपले भाषण पाहुण्यांपर्यंत पोहोचत नाही, ही गोष्ट चिटणिसांच्या फार जिव्हारी लागली.

“तो डबा जरा पाहुण्यांकडे फिरवा,” ते मालकाला म्हणाले.

“हा मामांचा आहे,” मालक म्हणाला.

“अहो, मामांना तसंही काय ऐकू येतं?”

हे अगदी प्रेमाने म्हटलेले होते. सगळे हसले. सगळे हसताहेत हे पाहून मामाही हसले.

मला उचलून सोफ्यासमोर मांडण्यात आले. आयुष्यभराची माझी इच्छा अशी पूर्ण झाली. पाहुण्यांनी माझ्यावर चहाचा कप ठेवला, त्यामुळे भाषण संपल्यावरही मला हलवायचा धीर कुणाला झाला नाही.

मामांनी मंचावर येऊन चप्पल काढली. त्यांचे पाऊल फळीवर मला शोधत इकडेतिकडे फिरले. भाच्याने ड्रमच्या काठीने मालकाला खूण केली. मालकाने कपाकडे पाहिले. मग भाच्याने ठोका दिला, कारण द्यावाच लागतो.

मामा अर्धी मात्रा मागून आले. भाच्याने त्यांच्यासाठी लय जरा मागे ओढली, तेव्हा मामा त्याच्या हातांकडे पाहून पुढे पळाले. शेवटपर्यंत दोघे एकमेकांना शोधत होते. वाजवणे एकदाचे संपले. मग काम पुण्याचे असल्याने सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मामांनी ते डोळ्यांनी पाहिले. आयुष्यात त्यांच्यासाठी असे कुणी उभे राहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाच्याने त्यांना थांबायला सांगितले. “सगळं मैदान उभं राहिलं,” मामा म्हणाले, “आणि तू मला बसायला सांगतोस?” दोघांचे बोलणे बंद झाले.

यथावकाश मशीन आले. ते कानात घालून मामा सर्वांत आधी आमच्या साउंडच्या दुकानात आले. भाच्याला त्यांनी दंडाला धरून आणले होते. मालकाने केलेले कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग लावायचे आणि याच्या तोंडावर न्याय करायचा, असा बेत होता. भाचा मालकाला हलकेच म्हणाला की पुसले गेले म्हणून सांग. बिचाऱ्याला सवय नव्हती. मामांना ते ऐकू आले.

“लाव,” मामा म्हणाले.

दुकानात तेव्हा मीच मोकळा होतो. मला मामांसमोर ठेवले, अगदी पूर्वीसारखे तोंड त्यांच्याकडे करून. मॉनिटरला पदरचे काही घालता येत नाही. जे आले ते मी ऐकवले.

मामांनी शेवटपर्यंत ऐकले. टाळ्याही ऐकल्या.

“मशीनमुळे तसं वाटतंय मामा,” भाचा घाईने म्हणाला. “डॉक्टर म्हणालेच होते ना, बोलणं कळेल, पण वाद्य पत्र्यासारखं लागेल. आमच्या कानांना छान वाटतंय.”

“सूर बदलत असेल,” मामा म्हणाले. “मशीन ताल नाही बदलत रे.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “मग ते उभे का राहिले?”

मालक आधीच गुंडाळलेली वायर पुन्हा गुंडाळू लागला. मामांनी मशीन कानातून काढून डबीत ठेवले आणि डबी खिशात टाकली. रस्ता ओलांडताना मागून येणारी गाडी त्यांना ऐकू येईना, म्हणून भाच्याने त्यांचा हात धरला. बोलणे तसे पुन्हा सुरू झाले आहे. फक्त आता एकटा भाचाच बोलतो.

माझे मात्र भाग्य उजळले. पाहुण्यांना ऐकू येण्याची ती सोय लोकांना फार आवडली. हल्ली मला थेट सोफ्यासमोरच लावतात. जाळीवर धूळ बसली आहे. मी फक्त भाषणे ऐकवतो, आणि ज्यांना ऐकवतो ते फोन पाहत असतात.

मित्रांनो, कुणासाठी मदतीचा कार्यक्रम कराल तर जरूर करा. हार घाला, उभे राहा, टाळ्या वाजवा. एवढेच मागणे आहे की त्याच्या पायाशी जे असेल ते हलवण्याआधी त्याला विचारा. ऐकू येत नसेल तर कागदावर लिहून विचारा.