चुकीचा पत्ता सांगणारी मी

मित्रांनो, मी एका बूट शिवणाऱ्या कारागिराची जुनी वेबसाइट आहे. येत्या सोमवारी मला बंद करणार आहेत. त्याआधी माझी हकिगत तुम्हाला सांगून टाकते. गेली दोन वर्षं माझ्या मनातलं एक अक्षरही मला बोलता आलेलं नाही.

माझे मालक साधे बूट शिवत नाहीत. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाचं पाऊल आत वळलेलं असतं, कुणाची बोटं गेलेली असतात. अशा पायांचं माप कागदावर उतरवून ते बूट तयार करतात. गिऱ्हाइकं त्यांना मापवाले काका म्हणतात. त्यांची मुलगी काउंटर सांभाळते, तिला सगळे ताई म्हणतात. काउंटरवरच्या संगणकावर ती मला दिवसभर उघडून ठेवायची, म्हणून दुकानातलं सगळं माझ्या कानावर पडे.

माझा जन्म घाईत झाला. ताईच्या मामाच्या ओळखीचा एक डिझायनर होता, हसतमुख आणि चटपटीत. तो एकदाच आला, चार फोटो काढले आणि रंग कोणता हवा एवढंच विचारलं. काका म्हणाले, तुम्हाला त्यातलं कळतं, तुम्ही कराल ते. तिथेच माझं नशीब ठरलं. इंटरनेटवरचं माझं नाव त्याने स्वतःच्या नावावर दहा वर्षांसाठी नोंदवून टाकलं. पासवर्ड त्याच्याकडेच राहिला. माझ्यामार्फत कुणी निरोप पाठवला, तर तोही त्याच्याच मेलवर जाई आणि तिथून तो ताईला कळवी. यात त्याचा काही कावा नव्हता. यांनी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही, एवढंच.

पहिली तीन वर्षं माझे फार लाड झाले. माझ्या माथ्यावरून एक तपकिरी बूट टकटक चालत जायचा. तो दाखवायला मामा पाहुण्यांना हाताला धरून आणत. हाडांचे एक डॉक्टर आपल्या रुग्णांना चिठ्ठीवर माझं नाव लिहून देऊ लागले. मी अगदी फुशारून गेले होते.

मग काकांनी दुकान हलवलं. जुनं दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. दुखऱ्या पायांची माणसं कठडा धरून वर येत, ते काकांना बघवत नसे. दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर जागा मिळाली. जुना फोन बंद झाला. ताईने नवा पत्ता आणि नवा नंबर डिझायनरला कळवला, पण उत्तर आलं नाही. फोन लावला, तर तो नंबर दुसऱ्याच कुणाचा निघाला. तो कुठे गेला, हे मामालाही ठाऊक नव्हतं.

शेवटी ताई स्वतःच बसली. पासवर्ड विसरलात का, असं मी जिथे विचारते, तिथे तिने बोट टेकवलं. नवा पासवर्ड गेला डिझायनरच्या मेलवर. आठवडाभर ती सुचेल ते टाकून पाहत होती. काकांचं नाव, दुकानाचं नाव, मामाच्या गाडीचा नंबरसुद्धा. प्रत्येक वेळी मला ‘चूक’ म्हणावं लागे. मित्रांनो, आपल्याच घरच्या माणसाला दारातून परत पाठवणं काय असतं, ते मला विचारा. ती माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. तिला काय बदलायचंय, तेही मला ठाऊक होतं. पण माझ्या अंगावरचा एक कानामात्रा मला हलवता येत नाही. कुणी आलं, की मी हसऱ्या तोंडाने दुसरा मजलाच सांगायचे.

एके दिवशी एक निवृत्त शिक्षिका काठी टेकत नव्या दुकानात आल्या. त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता. माझ्यावर भरवसा ठेवून त्या जुन्या जागी दोन जिने चढल्या होत्या. बंद दार पाहून तिथेच पायरीवर बसल्या. शेजारच्या शिंप्याने त्यांना इकडे पाठवलं. पाणी प्यायल्यावर त्या काकांना म्हणाल्या, “जिना चढवत नाही म्हणून तुमच्याकडे बूट शिवून घ्यायला आले. तुम्ही मला जिनाच चढायला लावलात.”

काका त्याच दिवशी तिकडे गेले. त्यांनी जुन्या जिन्याच्या तोंडाशी नव्या पत्त्याचा कागद चिकटवला. पुढे भिंतीला रंग दिला तेव्हा तो गेला. डॉक्टरांना नवा पत्ता कळवला, पण आधीच्या चिठ्ठ्या लोकांच्या पाकिटांत होत्याच. मग काका दर शनिवारी सकाळी स्टूल घेऊन त्या जिन्याखाली बसू लागले. कुणी लंगडत आलं, की उठून त्याला दुकानापर्यंत घेऊन येत. तिकडे ते माझी चूक निस्तरत, आणि इकडे मी तीच चूक पुन्हा पुन्हा करत असे.

ताईने नवा डिझायनर शोधायचं ठरवलं. या वेळी तिने घाई केली नाही. एकाने नुसती नाचणारी चित्रं दाखवली. दुसरा फोनवरच म्हणाला, दोन दिवसांत करून देतो, तुम्ही काळजीच करू नका. हे वाक्य ऐकून ताईनेच फोन ठेवला. तिसरी आली एक जाड भिंगाची चष्मेवाली. ती तासभर दुकानात नुसती बसली आणि गिऱ्हाइकं बघत राहिली. मग तिने विचारायला सुरुवात केली. लोक वेबसाइट फोनवर बघतात की संगणकावर? वयस्कर किती? त्यांना सगळ्यात आधी काय कळायला हवं? पत्ता बदलला तर तो कोण बदलणार? शेवटी ती ताईला म्हणाली, “नाव तुमच्या नावावर राहील, पासवर्ड तुमच्या हातात राहील. उद्या मी नसले तरी तुमचं काही अडता कामा नये.”

दुसऱ्या नावाने नवी वेबसाइट करणं सोपं होतं. पण मग मी तशीच राहिले असते, लोकांना जिने चढवत. म्हणून चष्मेवालीने जुन्या डिझायनरचा माग काढला. तो एका कारखान्याच्या कार्यालयात नोकरीला होता. सगळं ऐकून तो बिचारा स्वतः दुकानात आला. मान वर करून बघेना. जुन्या मेलचा पासवर्ड तोही विसरला होता. ओळखीचे कागद पाठवून मेल उघडायला त्याला दोन दिवस लागले.

आत एकेचाळीस निरोप पडले होते. माझ्याच तोंडून गेलेले, कुणीही न वाचलेले. ताई एकेक मोठ्याने वाचू लागली. एका आईचे तीन होते. पहिल्यात लिहिलं होतं, मुलीच्या पावलाचं ऑपरेशन झालंय, शाळा सुरू व्हायच्या आत बूट मिळतील का? दुसऱ्यात, मागचा निरोप मिळाला का? तिसऱ्यात दोनच शब्द होते. राहू द्या.

काकांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. मग तिथल्या तिथे निरोपाखालच्या नंबरवर फोन लावला. त्या बाई म्हणाल्या, “दुसरीकडून घेतले होते. चावतात तिला. आता आम्ही येऊ का?”

काका म्हणाले, “तुम्ही कुठेही येऊ नका. मीच माप घ्यायला येतो.”

उघडलेल्या मेलवर नवा पासवर्ड मागवला, डिझायनरने माझं नाव ताईच्या नावावर करून दिलं आणि त्या दिवशी माझ्यावरचा दुकानाचा पत्ता बदलला. चष्मेवालीने शेजारी बसून सांगितलं आणि ताईने तो स्वतःच्या बोटांनी घातला. सोमवारी याच नावाने नवी वेबसाइट उभी राहील, मी पुसली जाईन. मला त्याचं दुःख नाही. चार दिवस का होईना, मी खरं बोलते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी माझ्यासारखी वेबसाइट करून घेणार असेल, तर रंगाच्या आधी ती कुणाच्या ताब्यात राहणार हे विचारायला लावा. आणि झाल्यावरही तिला अधूनमधून उघडून, परक्या माणसाच्या नजरेने वाचून बघा. आम्हाला आतून हाक मारता येत नाही.