पाचव्या ठिपक्याचा फेस

गोंदणाच्या दुकानात माणसं खिडकीपर्यंत दाटली होती. बाकावर जागा उरली नव्हती, म्हणून काहीजण जिन्यात उभे राहून माना उंचावत होते. आत गोंदून रोग बरा करणाऱ्या सुईबुवाने एका म्हाताऱ्याच्या मनगटावर ठिपका गोंदला, रक्ताचा थेंब वर आला, तसं त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. पांढरा फेस फसफसून उठला.

"बघा, विष उकळून बाहेर पडतंय," बुवा म्हणाला. तेव्हा सगळे एक पाऊल मागे सरकले. न जाणो, अंगावर उडायचं.

बुवाची रीत सोपी होती. दर आठवड्याला एक असे पाच ठिपके. प्रत्येक रोग्याची बाटली वेगळी, आणि ती खिडकीत, उन्हात, बिनझाकणाची ठेवायची, म्हणजे सूर्याचं तेज पाण्यात उतरतं. विष कमी होईल तसा फेस कमी होणार. पाचव्या ठिपक्याला फेस आला नाही, की रोगी ठणठणीत. तोवर दवाखान्याची पायरी चढायची नाही, कारण औषध विषाला आतल्या आत कोंडून ठेवतं. आणि खरोखर, प्रत्येकाचा फेस आठवड्यागणिक कमी व्हायचा. एवढं डोळ्यांनी दिसल्यावर कोण कशाला विचारत बसतो?

त्या गर्दीत सलूनवाला बायकोला घेऊन उभा होता. तिच्या छातीत गाठ होती. ऑपरेशनची तारीख हातात होती, पण तिला ऑपरेशनची धास्ती होती आणि त्याला तिच्या रडण्याची. तरी तो भुलला तो बुवाचा हात पाहून. साबण लावलेल्या कातडीवर बुवाने वस्तरा नेमका आडवा धरला, एका ओढीत लव साफ केली, कुठे ओरखडा नाही, मग स्पिरिटचा बोळा आतून बाहेर गोल फिरवला. सलूनवाल्याने तीस वर्षं वस्तरा चालवला होता. इतका स्वच्छ हात असलेला माणूस खोटं बोलेल हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. तारीख आली आणि गेली.

चार ठिपके झाले. फेस ओसरत गेला, बायको जेवायला लागली. गाठीचं नाव घरात कुणी काढत नव्हतं.

पाचव्या ठिपक्याच्या आदल्या दिवशी एका गिऱ्हाइकाला केस सोनेरी करून हवे होते. सलूनवाल्याने कपाटातून हायड्रोजन पेरॉक्साइडची तपकिरी बाटली काढली. सकाळीच वस्तऱ्याने अंगठा कापला होता. त्यावर थोडं सांडलं आणि पांढरा फेस आला. असा फेस त्याने आजवर कितीदा तरी पुसून टाकला असेल. आज मात्र तो बघतच राहिला. मला कसलं विष? मग उस्तादाची शिकवण आठवली: झाकण घट्ट लाव, अंधारात ठेव, नाहीतर औषध मरतं आणि केस काळेच राहतात. बुवाच्या खिडकीतल्या उघड्या बाटल्या डोळ्यांपुढे आल्या. रोग मरत नव्हता. बाटली मरत होती.

औषधाच्या दुकानदारानेही तेच सांगितलं. रक्त कुणाचंही असो, त्यावर हे फेसाळणारच. उघडं उन्हात ठेवलं की त्याचा दम जातो आणि मागे नुसतं पाणी उरतं.

घरी त्याने बायकोला सांगायला तोंड उघडलं. तिने ऐकूनच घेतलं नाही. "एकच ठिपका राहिलाय. एवढा तरी होऊ द्या ना." ती हात जोडून म्हणाली, तेव्हा त्याने सलूनमधून आणलेली तपकिरी बाटली गुपचूप खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाचवा ठिपका झाला. बाटलीतलं पाणी पडलं, फेस आला नाही. लोकांनी हात जोडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याची बायको मोकळेपणाने हसली, आणि ते हसू त्यालाच मोडायचं होतं. त्याने खिशातली तपकिरी बाटली काढून त्याच ठिपक्यावर चार थेंब टाकले. फेस फसफसून वर आला.

"परत आलं?" तिचा चेहरा पांढरा पडला.

"शंका घेतलीस, म्हणून विष परतलं," बुवा सलूनवाल्याला घाईने बोलला. त्या गडबडीत हातातली सुई त्याच्याच बोटाला लागली. सलूनवाल्याने ते बोट धरलं आणि त्यावरही थेंब टाकले. तिथेही फेस.

"बुवा, हे विष कुणाचं?"

बुवाही तयारीचा गडी. म्हणाला, मी रोग्यांचं विष स्वतःच्या अंगात ओढून घेतो. अर्ध्या लोकांनी मानाही डोलावल्या. तेवढ्यात बायकोच म्हणाली, "अहो, तुम्हाला तर कसला रोग नाही. तुमच्या कापलेल्या अंगठ्यावर टाका बघू."

त्याने खपली काढून त्यावर थेंब टाकले. तसाच फेस. तिने वाकून तो फेस बोटाने पुसून पाहिला. मग पदर सावरून उठली. "पाच आठवडे आपण सगळे फेस बघत बसलो," ती म्हणाली. "गाठ कुणी बघितलीच नाही. चला, दवाखाना उघडा असेल."

गाठ वाढली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन होईल, पण आता मोठं होईल, आणि पुढचं काही सांगता येत नाही. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

आता सलूनच्या आरशापाशी ती तपकिरी बाटली असते. कुणाच्या तोंडी चमत्काराची गोष्ट आली, की सलूनवाला वस्तरा बाजूला ठेवतो आणि एवढंच सांगतो. कुणी चमत्कार दाखवला, तर तोच निरोगी माणसावर करून दाखवायला सांगा. रोग बरा झाला की नाही, ते रोगाकडे बघून ठरवा, डॉक्टरकडून तपासून घ्या. आणि मिळालेली तारीख सोडू नका, आम्ही सोडली होती.