आवडाबाईचा पदर

आवडाबाईला विचारल्याशिवाय तिच्या घरची होडी पाण्यात लोटायची कुणाची टाप नव्हती. हर्णेच्या किनाऱ्यावर ती आभाळाकडे तोंड वर करून उभी राहायची नि म्हणायची, "जा", नाहीतर "गप घरात बसा". होडी गेल्यावर वारा फिरला, तर पदर हलवून परत बोलवायची. दर्यानं त्या घरातलं माणूस कधी नेलं नाही.

तिचा धाकटा पोरगा गंगाराम मात्र दर्या सोडून स्वित्झर्लंडला गेला, डोंगरावरच्या हॉटेलात भांडी घासायला. पंच्याऐंशीच्या शिमग्याला पालखी नाचवायला येतो म्हणाला होता, आणि तिथे नुसता बर्फ पडत राहिला! खाली उतरायची वाट बंद. एका दुपारी पोस्टातून सांगावा आला, पोराचा फोन आहे.

"आये, आभाळ मोकळं झालं. ऊन पडलंय, वारापण गरम सुटलाय. इथले म्हणतात, आज नको उतरू. पण आज नाय निघालो तर विमान चुकंल. तू सांग, उतरू?"

"त्या भित्र्यांना काय कळतंय रे वाऱ्यातलं? ऊन पडलं म्हणजे वादळ सरलं. नीघ तू!"

"निघतो, आये."

वाटेत भेटेल त्याला गंगाराम येतोय म्हणून सांगत ती बंदरावर आली. लिलावाच्या मासळीसाठी आणलेली बर्फाची लादी उतरत्या फळीवर ठेवलेली होती. सकाळपासून गप बसलेली. ऊन तापलं, खाली पाणी सुटलं, आणि कुणी बोटसुद्धा न लावता लादी धाडकन खाली आली. खाली मासे निवडत बसलेल्या मथुराच्या पाटीचा चुरा झाला.

"बया! थोडक्यात वाचले," मथुरा हसली.

आवडाबाईनं ओल्या फळीवर हात ठेवला. ऊन पडलंय, वारा गरम सुटलाय, असं पोर म्हणालं होतं. तिथे तर अख्खा डोंगर बर्फाचा, नि त्याच्या पायथ्याची वाट तिनंच पोराला दाखवली होती.

ती पोस्टाकडे धावली. "मास्तर, फोन लावा! म्हणावं, आई चुकली, उतरू नको!"

"नंबर?"

"मला काय ठाव? तोच करतो."

"बरं, गावाचं नाव?"

"डोंगरावर हाय," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

मास्तरांनी उचललेला फोन खाली ठेवला. "कुणाला लावू, आवडाबाई?"

ती बाहेर आली. सवयीनं तोंड वर केलं. आभाळ लख्ख, ढगाचा ठिपका नाही. जन्मभर तिनं असंच आभाळ मागितलं होतं.

"मेल्या, झाकोळ की रे जरा," ती आभाळाला म्हणाली.

मग भर रस्त्यात, येणारे-जाणारे बघत असताना, तिनं कमरेचा पदर सोडला आणि हलवायला लागली.