मोराचं तोंड कुणीकडं

“मॅडम, ह्या उंदराचा कान बदललाय.”

रचनानं स्क्रीनवरची नजर काढली नाही. चार वाजता ती पीएचडीच्या परीक्षकांना ऑनलाइन सांगणार होती, की तिच्या औषधानं उंदरांच्या मेंदूची जखमी डावी बाजू पुन्हा कामाला लागली. खानापूर-बेळगाव ये-जा करत घालवलेली तीन वर्षं त्या एका वाक्यात होती. आता दोन वाजले होते.

“मष्णूअण्णा, आत्ता न्हाय हां. च्या पिऊन या.”

मष्णू वडगावात हातमागावर साड्या विणायचा. माग विकून तो इथं प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायला लागला. ओळखीसाठी उंदरांच्या कानाला खाच मारायची, बेशुद्ध उंदीर यंत्रात ठेवायचा नि काढायचा, एवढंच त्याचं काम. सल्ले तो फुकट द्यायचा.

“नऊ नंबरच्या डाव्या कानाला खाच मीच मारलीया. ह्या फोटोत ती डावीकडं, त्या फोटोत उजवीकडं.”

मेंदूच्या फोटोत कान बघणारा त्या इमारतीत तो एकटाच. एका यंत्रानं मेंदूची घडण दाखवली होती, दुसऱ्यानं त्यातला कुठला भाग काम करतोय ते. कॉम्प्युटरनं दोन्ही एकमेकांवर बसवले होते.

“जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के हाय, अण्णा.”

“आसंल की. मेंदू दोन्हीकडनं सारखाच, कसाबी ठेवा, जुळतोय. दुसऱ्या मशीनीत उंदरं उताणी ठेवतोय मी, साचाच तसा हाय. फोटो उलटं आलं आसतील. सरळ कसं केलासा? फिरवून का पलटून?”

“पलटून. एकच की ते.”

मष्णूनं खिशातून पदराचा तुकडा काढला. त्यावर डावीकडं बघणारा मोर. मोराचं डोकं खाली येईल असा तुकडा धरून त्यानं तो गोल फिरवून सरळ केला. मोर पुन्हा डावीकडं बघू लागला. मग पुन्हा डोकं खाली धरून पान उलटावं तसा पलटला. मोर उजवीकडं, वर सुटे धागे.

“विणताना आमाला हीच बाजू दिसती. चाळीस वर्षं बघितलीया.”

रचनानं नऊच्या नऊ उंदरांचे दुसऱ्या यंत्रातले फोटो पलटण्याऐवजी फिरवून घेतले. उजवीकडचा काळा भाग, जो तिनं औषधाचा दुष्परिणाम समजला होता, डावीकडं आला; जखमी बाजू अजून बंदच होती.

चार वाजता तिनं परीक्षकांना सरळ सांगितलं, “औषधाचा उपयोग झाला नाही. आधी झाल्यासारखा का वाटला, तेही दाखवते.” आणि कॅमेऱ्यासमोर मोर धरला.

नंतर ती म्हणाली, “हा मशीनवर चिकटवूया, अण्णा. डावं-उजवं लिहू यावर?”

मागावरून उतरलेला तो शेवटचा तुकडा होता.

“लिवा की. कापडच हाय.”

शाई धाग्यांत पसरू लागली. मष्णू वाकून बघत होता.

“मोराच्या डोळ्यात तेवढी जाऊ देऊ नका.”