धुऱ्यावर कोणी नव्हतं

गुडघे गेले आणि भाताच्या रोवणीतली कुंताबाईची जागा चिखलाच्या बांधीतून कडेच्या धुऱ्यावर आली. सिहोऱ्याच्या तळ्याखालच्या बांध्यांमध्ये तिच्यासारखं सरळ ओळीत पऱ्ह्याची रोपं लावणारी बाई झाली नाही, हे ती स्वतःच सांगायची, आणि दुसऱ्या कोणी सांगायच्या आत सांगायची. आता वाकता येत नव्हतं, पण घरीही बसवत नव्हतं. म्हणून ती बायांच्या टोळीबरोबर निघायची आणि पळसाखाली धुऱ्यावर बसायची. बायांचे डबे, बांगड्या आणि मोबाईल तिच्या टोपलीत असायचे. चिखलाच्या हातानं मोबाईल धरता येत नाही, आणि कमरेला खोचून वाकलं तर तो बांधीतच जायचा. "कुंताआजी, हा घ्या," म्हणत एकेक बाई टोपलीत मोबाईल ठेवून चिखलात उतरली की म्हातारीला वाटायचं, आपणही अजून रोवणीला आलो आहोत.

त्याच टोपलीतून मेघाचा मोबाईल गेला.

मेघा ही शेजारची सून. तिचा नवरा प्रितम वरठीच्या कारखान्यात कामाला, आठवडाभर तिकडेच राहायचा. त्यानं हप्त्यावर घेऊन दिलेला नवा कोरा मोबाईल होता, आणि दुकानदारानं त्यासोबत विमाही गळ्यात मारला होता. भर दुपारी मोटरसायकलवरून एक अनोळखी माणूस आला आणि त्यानं पाणी मागितलं. कॅन पळसाच्या पलीकडे सावलीत होती. कुंताबाई गुडघ्यावर हात देत उठली, गिलास भरून परत आली, तर माणूस नाही आणि टोपलीत सगळ्यात वर असलेला मेघाचा मोबाईलही नाही. ती जिवाच्या आकांतानं ओरडली. बाया धावल्या, पण चिखलातून धावून मोटरसायकल कोणाला सापडली आहे?

कोणी तिला एका शब्दानं बोललं नाही. तिथंच खरा घोळ झाला. दुसऱ्या दिवशी बायांनी मोबाईल घरीच ठेवले, आणि मेघाची सासू रुखमिणी साखरपेरल्या आवाजात म्हणाली, "काकी, कायले उन्हातान्हात येता? आराम करा ना आता." कुंताबाईला त्यापेक्षा दोन शिव्या गोड लागल्या असत्या. ती घरी राहिली. सकाळी टोळी दारावरून जायची, तेव्हा ती पाठ करून बसायची आणि एकही खडा नसलेले तांदूळ निवडत राहायची.

रोवणी संपत आली असेल. विरजण मागायला ती रुखमिणीकडे गेली, तर मेघा अंगणात बसून सासूच्या मोबाईलवर आलेलं विमा कंपनीचं उत्तर वाचत होती. "चोरीच्या वेळी मोबाईलजवळ कोणीही नव्हते व तो उघड्यावर सोडलेला होता, असे आपण स्वतः कळविले आहे. सबब आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे."

"कोणी नव्हतं?" कुंताबाई विरजण विसरली. "मंग मी काय होती तिथं? पळसाचं झाड?"

मेघाचा चेहरा पडला. "आजी, मीच तसं सांगतलं. ठाण्यात बी आन कंपनीले बी. तुमचं नाव पोलिसांत गेलं असतं तं या वयात चकरा माराव्या लागल्या असत्या. तुमचा धर्मेंद्रच म्हणे, मायचं नाव येऊ देऊ नका."

म्हणजे पोटच्या पोरानंही. पोरीनं चांगलंच चिंतलं होतं, हे कुंताबाईला कळत होतं, आणि म्हणूनच जास्त लागत होतं. सगळ्यांनी मिळून, अगदी मायेनं, तिला त्या धुऱ्यावरून पुसून टाकलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला.

"माझी चूक झाली तं माझी चूक म्हण वो," ती म्हणाली. "पण कोणी नव्हतं, असं कशी म्हणते तू?"

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून मेघाच्या दारात उभी. धर्मेंद्र मागून कुरकुरत आला होता, "माय, आपल्या घरचं कोणी आजपर्यंत ठाण्याची पायरी नाही चढलं." "मंग मी पयली," म्हणून ती पुढं निघाली. ठाण्यातल्या हवालदारानं बसायला खुर्ची दिली, आधी खरं का सांगितलं नाही म्हणून मेघाला थोडं झापलं आणि कुंताबाईचा जबाब लिहायला घेतला. काम काय करता, असं त्यानं विचारलं. "रोवणी," कुंताबाई म्हणाली. मग मेघाकडे बघून तिनं हळूच पुस्ती जोडली, "बसून."

तो जबाब लावून मेघानं कंपनीकडे पुन्हा अर्ज केला. थोड्या दिवसांनी, चौकशीसाठी मॅडमचा फोन येणार आहे, असा निरोप आला. फोनची वाट बघत तिघी अंगणात बसल्या, तेव्हा रुखमिणीनं मुद्द्याला हात घातला.

"काकी, एकच सांगजा. त्यानं धक्का मारला आन हातातून हिसकून नेला. प्रितमनं दुकानदाराले विचारलं आहे, हिसकला म्हटलं का पैसे भेटते."

कुंताबाईनं मेघाकडे पाहिलं. मेघा अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. पोरीच्या गेलेल्या मोबाईलचे हप्ते प्रितम अजून भरत होता. एक धक्का म्हटलं की सुटत होतं सगळं. अंगाला थोडी माती लागली म्हणायचं, काय बिघडतं? कुंताबाईनं मनात तसं म्हणूनही पाहिलं.

फोन वाजला. पलीकडची बाई शहरी, पण मायाळू होती. तिनं नाव विचारलं, वय विचारलं, मग म्हणाली, "आजी, त्या माणसानं तुम्हाला धक्का दिला का? जबरदस्ती केली का?"



"नाही बाई," कुंताबाई म्हणाली. "त्यानं पाणी मांगलं. मी पाणी आणाले गेली, पाठ फिरली माझी. चुकलं ते माझंच. पण मी होती तिथं. तेवढं लिहा. कुंताबाई लिहा."

फोन ठेवताच रुखमिणीनं कपाळावर हात मारला. मेघा उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही. कुंताबाई भिंतीला धरत एकटीच घरी आली. खरं बोलून आपण पोरीचं वाटोळं केलं, असं वाटून त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

धान कापणीला आलं, तेव्हा कुठं उत्तर आलं. ते घेऊन मेघा आपण होऊन ओसरीवर येऊन बसली आणि तिनं वाचून दाखवलं. "मोबाईल कुंताबाई यांच्या ताब्यात होता. तथापि कुंताबाई यांनी पुरेशी काळजी घेतल्याचे दिसून येत नाही. सबब दावा नामंजूर."

"अजून एकदा वाच," कुंताबाई म्हणाली. मेघानं वाचलं. आपलं नाव ऐकून म्हातारीचा जीव सुखावला, आणि लगेच तिला त्या सुखाची लाज वाटली. "माझ्यापायी गेला वो तुझा मोबाईल. दोन्ही बारीनं माझ्यापायीच."

"राग आला होता मले," मेघा म्हणाली. "लय आला होता. पण आजी, पयले मी कोणी नव्हतं म्हटलं, तं भांडाले बी माझ्यासंग कोणी नव्हतं. आता भंडाऱ्याले ग्राहक आयोगात जाऊन राहिलो आम्ही. पाणी द्याले उठणं म्हणजे निष्काळजीपणा का, हे तिथं विचारतो. तुम्हाले साक्षीले यावं लागन."

"येतो ना," कुंताबाई म्हणाली. "लुगडं धुतलेलंच आहे."

दुसऱ्या दिवशी कापणी होती. कापणीत हात चिखलाचे नसतात, मोबाईल कमरेला खुशाल राहतो, कोणाकडे द्यायची गरजच नसते. कुंताबाई सवयीनं टोपली घेऊन धुऱ्यावर जाऊन बसली आणि कोणाकडे न बघता समोरच्या धानाकडे बघत राहिली. बाया विळे घेऊन एकेक करून पुढं गेल्या. मेघा थांबली. कमरेचा मोबाईल तिनं काढला, प्रितमचा जुना, काच तडकलेला, आणि टोपलीत ठेवला.

"आजी, हा घ्या," ती म्हणाली आणि धानात शिरली.

जरा पुढं गेलेली रुखमिणी थबकली, मागं वळून आली आणि आपलाही मोबाईल ठेवून गेली.

कुंताबाईनं दोन्हींवर फडकं टाकलं. मग ती उठली, पळसाच्या पलीकडची पाण्याची कॅन फरफटत अलीकडे आणली आणि टोपलीला अगदी खेटून ठेवली.